कुंपणाला आणि बागेला देशी फळझुडपं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराभोवती, फार्महाऊसला, शाळेच्या आवारात नाहीतर सोसायटीच्या कडेला देशी फळझुडपं लावायचीत पण कुठलं लावू, असं विचारणारे खूप जण असतात, आणि प्रश्न फिरून फिरून तेच येतात म्हणून सगळे एका जागी लिहून काढलेत. हे सगळं महाराष्ट्रातल्या हवामानाचं आहे. आधी साधे प्रश्न, मग अडचणीचे. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. देशी फळझुडपं म्हणजे नक्की कुठली? यादी द्या ना.

यादी देतो, पण ती घेऊन लगेच नर्सरीत पळू नका, आधी प्रश्न ३ वाचा. काटेरी हवी असतील तर करवंद, तोरण, रानबोर, तांबट, आळू (भाजीचं अळू नव्हे, सह्याद्रीतलं काटेरी झाड, पिवळट तपकिरी फळांचं) आणि गेळ. बिनकाट्याची किंवा जवळजवळ बिनकाट्याची म्हणजे फालसा, अंजनी, कामिनी म्हणजेच कुंती, पेंटगूळ (नर्सरीवाले याला इक्झोरा म्हणतात), कढीपत्ता आणि गोंदणी. कोरड्या, उजाड माळासाठी नेपती आणि पांढरफळी. पांढरफळीला काटे आहेत, म्हणजे फांदीची टोकंच काट्यासारखी टोकदार होतात.

यातली सगळीच माणसाने खायची नाहीत, काही फक्त पक्ष्यांसाठी आहेत, ते प्रश्न १४ मध्ये आहे.

२. मला फार डोकं लावायचं नाही, एकच झुडूप सांगा.

करवंद. ऊन हवं आणि पाणी साठता कामा नये, एवढ्या दोन अटी सांभाळल्या तर ते मुरमात, जांभ्यात, उतारावर, दगडांच्या खाचेत कुठेही तग धरतं, वर्षभर हिरवं राहतं, जानेवारी-फेब्रुवारीपासून पांढरी सुवासिक फुलं आणि एप्रिल-मेमध्ये फळं. गुरं, माणसं, कुत्री कुणी आरपार जात नाही. फक्त फाटकाच्या किंवा पायवाटेच्या अगदी काठावर लावू नका, तीन-साडेतीन फूट आत घ्या, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याचे कपडे आणि तुमचे शेजारसंबंध दोन्ही फाटतील.

३. आमच्याकडे काळी माती आहे (किंवा मुरूम / जांभा / खारवट जमीन आहे), तर काय चालेल?

खरं तर सगळी निवड इथेच होते, फोटोवरून नाही.

कोकणात आणि घाटमाथ्यावर जांभा, पाऊस भरपूर पण पाणी लगेच वाहून जाणारं, तिथे करवंद, तोरण, आळू, अंजनी, पेंटगूळ ही घरचीच मंडळी आहेत. महाबळेश्वरच्या जंगलात जांभूळ आणि पिसा यांच्या जोडीने अंजनीचीच गर्दी असते, त्यामुळे त्या पट्ट्यात अंजनी लावायची की नाही हा प्रश्नच पडायला नको. फक्त ती अतिशय हळू वाढते. दोन वर्षांत आडोसा पाहिजे असेल तर अंजनीच्या भरवशावर बसू नका, पण उन्हाळ्याच्या तोंडावर तिच्या फांद्यांना चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके आले की वाट बघितल्याचं चीज होतं.

देशावर मुरूम असलेली, कमी खोलीची जमीन असेल तर करवंद, रानबोर, पांढरफळी, तांबट, गोंदणी. खोल काळ्या मातीचा त्रास असा की पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तुटतात. तिथे बोर आणि गोंदणी चालतात, करवंदही चालतं पण वरंबा करून, म्हणजे फूटभर उंच मातीचा लांबट ढीग करून त्यावर लावायचं. सपाट काळ्या रानात खड्डा घेऊन लावलेली रोपं पहिल्याच जोराच्या पावसात बुडतात, आणि मग दोष करवंदाला.

पर्जन्यछायेच्या भागात, नगर-सोलापूर-मराठवाड्याच्या माळावर जिथे पाणी देणं शक्यच नाही तिथे नेपती. पानं नावालाच, हिरव्या काड्यांचं जाळं आणि त्यावर लाल फुलं, दिसायला विचित्र पण एकदा रुजली की दुष्काळाला दाद देत नाही. मात्र रोप उपटून लावायला गेलात तर सहसा जगत नाही, लहान पिशवीतलं रोप किंवा जागेवर बी.

खारवट, चोपण जमिनीत किंवा खाडीकाठी पिलू नावाचं झुडूप लावा, ते मिठाला सरावलेलं आहे. करवंद थोडाफार खारेपणा सहन करतं, बाकीची बहुतेक नाराज होतात.

४. कुंपणासाठी करवंद की तोरण? दोन्ही काटेरीच आहेत ना?

काटेरी दोन्ही, पण स्वभाव वेगळा. करवंद स्वतःच्या पायावर उभं राहतं आणि दाट गोल होतं. तोरण हातपाय पसरतं, शेजारच्या झाडावर चढतं आणि त्याचे काटे आकड्यासारखे वळलेले असतात, एकदा शर्ट अडकला की मागे ओढून सुटत नाही, पुढे जाऊनच सोडवावा लागतो. मोठी जागा, मागची हद्द, ओढ्याची कड असेल तर तोरण उत्तम, आणि एप्रिल-मेमध्ये पांढरी पिठूळ फळं मिळतात ती वेगळीच. दहा फूट रुंदीच्या साईड मार्जिनला तोरण लावणं म्हणजे दर पावसाळ्यात कोयता घेऊन उभं राहणं. छोट्या प्लॉटला करवंदच.

५. किती अंतरावर लावू आणि किती रोपं लागतील?

करवंदाच्या कुंपणाला अडीच फूट. १०० फुटांच्या एका रांगेला ४१ रोपं लागतात. गुरं आणि डुकरं अडवायची असतील तर दोन रांगा, मधे दोन-अडीच फूट, आणि दुसऱ्या रांगेतली रोपं पहिल्या रांगेतल्या मोकळ्या जागांसमोर येतील अशी नागमोडी, म्हणजे १०० फुटांना साधारण ८०. चौरस एक गुंठा असेल तर बाजू ३३ फूट, घेर १३२ फूट, दहा फुटांचं फाटक सोडून एका रांगेला ५० च्या आसपास. वर दहा टक्के रोपं जास्तीची आणून सावलीत ठेवा, मर झाली की त्याच वयाची रोपं हाताशी असतात, पुढच्या वर्षी आणलेलं छोटं रोप मोठ्यांच्या मधे दबून जातं.

फळासाठी सुटी झुडपं लावायची असतील तर हे अंतर विसरा. करवंद आणि फालसा यांना सात-आठ फूट, बोराला त्याहून जास्त.

६. लावायचं कधी आणि कसं?

पहिला पाऊस पडून जमीन हातभर खोल ओली झाली की. साधारण जूनचा शेवट ते जुलै. वळवाच्या सरीवर घाई करू नका, मधे पंधरा दिवस ऊन पडलं की रोपं करपतात. खड्डे मात्र मे महिन्यातच घेऊन तापू द्या, दीड फूट लांब-रुंद-खोल पुरतात, त्यात निघालेलीच माती आणि पाटीभर चांगलं कुजलेलं शेणखत. पूर्ण खड्डा खताने आणि लाल मातीने भरायची पद्धत आहे ती या झुडपांना उलट त्रासाची, मुळं त्या मऊ खड्ड्यातच गोल फिरत बसतात आणि बाहेरच्या मुरमात शिरायचा कंटाळा करतात. पिशवी कापून काढा (हे सांगावं लागू नये, पण लागतं), आणि मुळांचा गोळा जमिनीच्या पातळीला ठेवा, खाली पुरू नका.

७. काटक आहेत म्हणता, मग पाणी कशाला घालायचं?

काटक झाड, रोप नव्हे. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं, मुरमाड जमिनीत आठवड्यातून एकदा पण भरपूर, रोज ग्लासभर नाही. रोज थोडं दिलं की मुळं वरच्या वर राहतात. बुडाला वीतभर जाडीचा पालापाचोळा पसरा पण खोडाला चिकटवू नका. तिसऱ्या उन्हाळ्यापासून करवंद, बोर, पांढरफळी, नेपती यांना सोडून द्या. फालसा, पेंटगूळ आणि कामिनी यांना मात्र नंतरही उन्हाळ्यात अधूनमधून पाणी मिळालं तर बरं असतं.

८. नर्सरीत करवंद म्हणून गुलाबी-पांढऱ्या फळांचं झाड देतात, कुठे मोठ्या पांढऱ्या फुलांचं देतात. ते देशी आहे का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुलाबी-पांढऱ्या फळांचं करवंद भारतीयच आहे, लागवडीतलं. फळ डोंगरी करवंदापेक्षा मोठं, आंबट, चवीला डोंगरच्या काळ्या मैनेची सर नाही पण लोणच्याला आणि पाकवायला झकास, केकवर लाल चेरी म्हणून जी लावतात ती बऱ्याचदा हेच रंगवलेलं करवंद असतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेली 'कोकण बोल्ड' ही मोठ्या फळाची जात आहे, पंतनगरच्या 'पंत मनोहर', 'पंत सुदर्शन', 'पंत सुवर्णा' याही जाती आहेत. खाण्यासाठी यातली घ्या. पक्ष्यांसाठी आणि कुंपणासाठी डोंगरी करवंदाच्या बियांची रोपं घ्या.

मोठ्या, दोन इंची, चांदणीसारख्या फुलांचं, जाड चकचकीत पानांचं आणि लाल फळांचं जे येतं ते दक्षिण आफ्रिकेतलं, करवंदाचंच भाऊबंद. वाईट झाड नाही, फळ खातातही, पण देशी म्हणून विकत असतील तर नाही म्हणा. त्याचा काटा टोकाला इंग्रजी वाय अक्षरासारखा फाटलेला असतो, पण नुसत्या काट्यावर जाऊ नका, फूल आणि फळ बघा.

रोप घेताना उंची बघू नका. पिशवीच्या भोकांतून जाड मूळ बाहेर येऊन जमिनीत घुसलेलं असेल तर ते रोप सोडा, उचलताना ते मूळ तुटतं आणि घरी आणल्यावर आठवड्यात पानं गळतात. बुडापासून तीन-चार फुटवे असलेलं फूटभर उंचीचं रोप हे एकाच काडीच्या तीन फुटी रोपापेक्षा कुंपणाला कधीही चांगलं.

९. फळं किती वर्षांत लागतात?

फालसा सगळ्यात लवकर, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. करवंद बियांचं असेल तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी थोडी, मग वाढत जातात. कलमी बोर दोन वर्षांत सुरू होतं, रानबोर त्याच्या मर्जीने. अंजनी आणि आळू यांच्याबाबत वर्षं मोजू नका. रांग दाट आणि कातरलेली असेल तर हे सगळे आकडे रद्द, पुढचा प्रश्न वाचा.

१०. छाटणी कधी आणि किती करायची?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

करवंदाची फुलं फांदीच्या शेंड्याला येतात. माळी दर महिन्याला कातर घेऊन भिंतीसारखं सपाट करतो तेव्हा तो बरोबर शेंडेच उडवत असतो, मग फूल कुठून येणार आणि फळ कुठून. तुम्हाला चौकोनी, पट्टी लावल्यासारखी हिरवी भिंत हवी असेल तर मेंदी लावा, मेंदी त्यासाठीच आहे. फळझुडूप घेऊन त्याला सतत कातरायचं यात जागाही जाते आणि फळही. करवंदाची वर्षातून एकच छाटणी, फळं संपल्यावर पावसाच्या तोंडावर, बाहेर आलेल्या लांब फांद्या तेवढ्या आतून कापायच्या. पहिली दोन वर्षं मात्र शेंडे खुडा म्हणजे बुडापासून फुटवे येतात, बुडाला विरळ झालेलं कुंपण नंतर कशानेही भरत नाही. कापताना पांढरा चीक येतो, तो कपड्यावर पडला की डाग जात नाही.

फालशाचं नेमकं उलटं. त्याला दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत कंबरेएवढं, साधारण तीन-साडेतीन फुटांवर सरसकट कापायचं, कारण फळ नव्या फुटीवरच येतं. न छाटलेला फालसा पंधरा फुटी झाडोरा होतो आणि मग शेंड्याला चार फळं. छाटल्यावर महिनाभर नुसत्या काड्या दिसतात, घरातल्या कुणाला तरी वाटतं झाड मेलं आणि कुणीतरी ते उपटतं, त्यामुळे आधीच सांगून ठेवा.

बोर उन्हाळ्यात पानं गळाल्यावर, एप्रिल-मेमध्ये छाटतात, फुलं पावसाळ्यात नव्या फुटीवर येतात. अंजनीला हात लावू नका. कामिनी आणि पेंटगूळ फुलांचा बहर संपल्यावर हलके कापा, पण लाल फळं पक्ष्यांसाठी हवी असतील तर तेवढे झुबके सोडून.

११. झुडूप चांगलं वाढलंय, फुलंही येतात, पण फळ एकही नाही. का?

पांढरफळी किंवा तांबट असेल तर बहुतेक तुमच्याकडे नराचं झाड आलंय. पांढरफळीत नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात, तांबटातही सहसा तसंच. फुललेलं असताना जवळ जाऊन बघा: पांढरफळीच्या नर फुलांचे गुच्छ असतात आणि प्रत्येक बारक्या हिरवट फुलातून पुंकेसर बाहेर डोकावतात, मादी फुलात मधोमध मोहरीपेक्षाही लहान हिरवा मणी दिसतो, तोच पुढे पांढरं फळ होतो. बियांच्या रोपात आधी कळायला मार्ग नाही, म्हणून ही झुडपं एकेकटी कधीच लावू नका, किमान पाच-सहा एकत्र लावा, म्हणजे दोन्ही प्रकार येण्याची शक्यता चांगली राहते. नर उपटून टाकू नका, तो नसेल तर मादीलाही फळ धरत नाही.

करवंद असेल तर छाटणी (प्रश्न १०) किंवा सावली (प्रश्न १२). तिसरं कारण म्हणजे जास्त लाड, युरिया आणि रोजचं पाणी दिलेलं करवंद नुसतं पानात जातं.

१२. आमच्याकडे बिल्डिंगची सावली आहे, ऊन दोन तासच येतं.

मग करवंद, बोर, फालसा सोडा. जगतील, पण लांबट होऊन वाकतील आणि फळणार नाहीत. कामिनी लावा, ती अर्ध्या सावलीतही दाट राहते, पावसात पांढऱ्या फुलांचा घमघमाट आणि नंतर बारीक लाल फळं. अंजनी मोठ्या झाडांखालीही वाढते. कढीपत्ता अर्ध्या सावलीत बरा राहतो आणि बुडातून पिल्लं काढत पसरतो, मे-जूनच्या सुमारास काळी फळं आली की बुलबुल आणि कोकीळ हटत नाहीत. पानं तुम्हाला, फळं त्यांना. पण प्रश्न १९ बघून घ्या.

१३. घरात लहान मुलं आहेत, काटे अजिबात नकोत.

फालसा, पेंटगूळ, अंजनी, कामिनी. मुलांना स्वतः तोडून खाता येईल असा त्यातला फालसाच. फळं एकदम पिकत नाहीत, एकाच घोसात हिरवं, लाल आणि जांभळं-काळं असं सगळं असतं, दर एक-दोन दिवसांनी काळी झालेली तेवढी वेचायची आणि त्याच दिवशी संपवायची, फ्रीजमध्येही ती फार टिकत नाहीत. बाजारात फालसे कमी दिसतात त्याचं हेही एक कारण. पेंटगुळाची पिकलेली काळपट फळंही मुलं खातात, गर नखाएवढा, पण गंमत.

१४. यातली कुठली फळं खाऊ नयेत?

करवंद, तोरण, बोर, फालसा, पिकलेलं आळू, तांबट, गोंदणी ही खाण्याची. कामिनीची लाल फळं पक्ष्यांना सोडा. गेळाचं फळ दिसायला छोट्या पेरूसारखं असतं पण आयुर्वेदात ते उलटी करवण्यासाठी वापरतात, म्हणजे मुलांच्या हाताशी लावू नका. कुंपणावर गुंजेची वेल आपोआप आली असेल, लाल बी आणि त्यावर काळा ठिपका, तर ती काढून टाका, ते बी चावलं गेलं तर जीवावर बेतू शकतं. दुरांटाची (शोभेला लावतात ते विदेशी कुंपणझुडूप) पिवळी मण्यांसारखी फळंही विषारी आणि घाणेरीची कच्ची हिरवी फळंही. साधा नियम घरात सगळ्यांना सांगून ठेवा: पक्षी खातात म्हणून आपल्याला चालतं असं नसतं.

आणि करवंद कच्चं खाल्लं तर चीक ओठांना चिकटतो एवढंच, घाबरायचं कारण नाही. पूर्ण काळं आणि बोटाने दाबल्यावर मऊ लागणारं घ्या.

१५. पक्षी यावेत म्हणून लावायचंय. काय लावू?

एकच जात लावून महिनाभराची जत्रा होते आणि अकरा महिने शुकशुकाट. वेगवेगळ्या महिन्यांत फळणारी एकत्र लावा: एप्रिल-मेला करवंद, तोरण, फालसा, पावसाच्या सुरुवातीला कढीपत्ता, पावसाळा सरताना पांढरफळी आणि कामिनी, थंडीत रानबोर. ही साखळी जुळली की बुलबुल मुक्कामालाच येतात. छोटी फळं असलेल्या झुडपांना पक्षी जास्त येतात, मोठ्या फळांच्या सुधारित जाती बुलबुलाच्या चोचीत मावत नाहीत, त्याला टोचत बसावं लागतं. पांढरफळीचं फळ मात्र बरोबर घासाएवढं, म्हणून बागेत ती दिसायला साधी असली तरी माझं मत तिलाच.

घरटी हवी असतील तर काटेरी झुडपं हवीतच. बुलबुलाचं वाटीसारखं घरटं करवंदाच्या आत, छातीएवढ्या उंचीवर असतं आणि मांजर तिथे जाऊ शकत नाही. मार्च ते जूनमध्ये आत कातर घालू नका; प्रश्न १० मधली पावसाच्या तोंडावरची छाटणीही आत घरटं नाही ना हे बघूनच करा.

१६. काटेरी दाट कुंपणात साप येतात म्हणे?

साप झुडपासाठी येत नाही, उंदरासाठी आणि लपायला जागा मिळते म्हणून येतो. कुंपणाच्या बुडाशी विटा, फरशीचे तुकडे, सुकं लाकूड, कचरा साठवलेला असेल तर तिथे येणारच, मग झुडूप देशी असो की विदेशी. घराच्या बाजूचं करवंद बुडापासून फूटभर उंचीपर्यंत मोकळं ठेवा म्हणजे खाली काय आहे ते दिसतं (प्रश्न १० मध्ये बुडापासून दाट करा म्हटलंय ते हद्दीच्या कुंपणाचं, भिंतीजवळच्या झुडपाचं नाही). प्रश्न ७ मधला जाड पालापाचोळाही घराजवळ नको. मुलं तोडायला जाणार असतील तर आधी काठी आपटायची सवय लावा, बस.

१७. हद्दीवर घाणेरी आधीच माजलीय, पक्षी आणि फुलपाखरं येतात. ठेवू का?

काढा. टणटणी म्हणा, घाणेरी म्हणा, अमेरिकेतून शोभेसाठी आणलेलं झाड आहे ते, आणि आज आपल्या जंगलांत खाली दुसरं काही उगवू देत नाही. पक्षी तिची फळं खातात हेच तर दुखणं, बी विष्ठेतून सगळीकडे जातं. गुरांनी पाला खाल्ला तर यकृतावर परिणाम होतो. पण एकदम सगळी काढली तर पक्ष्यांचा आडोसाही जातो आणि उघड्या जमिनीवर तीच पुन्हा दुप्पट उगवते. म्हणून टप्प्याटप्प्याने, पावसाआधी दहा-पंधरा फुटांचा पट्टा मुळासकट खणून काढा, नुसती कापलीत तर बुडातून पुन्हा फुटते, आणि त्या पट्ट्यात त्याच पावसात करवंद-पांढरफळी लावा, पुढच्या वर्षी पुढचा पट्टा. उगवणारी बारकी रोपं दोन-तीन वर्षं उपटत राहावं लागतं.

१८. सिंगापूर चेरीला पण खूप पक्षी येतात आणि दोन वर्षांत मोठी होते. देशीचा एवढा हट्ट का?

सिंगापूर चेरी अमेरिकन उष्ण प्रदेशातली. आवारात एखादं झाड असेल तर तोडायची गरज नाही, पण ते झुडूप नाही, ते झाडच होतं, आणि वादळात फांद्या पटकन मोडतात. देशीचा मुद्दा फक्त फळांचा नाहीच, पानांचाही आहे. बोरीच्या, कढीपत्त्याच्या, कामिनीच्या पानांवर आपल्याकडच्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, आणि बुलबुल पिलांना भरवतो ते जास्त करून किडे-अळ्याच. पाहुण्या झाडांवर त्या मानाने कमी काही जगतं. त्यामुळे कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी दिसली की औषध मारू नका, फुलपाखरू होणार आहे ते.

१९. आमची संत्र्याची बाग आहे, बांधावर कामिनी लावली तर?

नको. कामिनी आणि कढीपत्ता दोन्ही लिंबाच्या कुळातले, आणि संत्रा-मोसंबीवर ग्रीनिंग रोग पसरवणारी सायला कीड कामिनीवर आनंदाने राहते, बागेत फवारणी झाली की ती बांधावर थांबते आणि नंतर परत येते. विदर्भात संत्र्याच्या आणि जालन्याकडे मोसंबीच्या पट्ट्यात असाल तर बांधाला करवंद लावा, त्याचं कूळ वेगळं, कण्हेरीचं. शहरात दारात एखादं लिंबाचं झाड असेल तर एवढी काळजी नको, नव्या फुटीवर लक्ष ठेवा.

२०. पेंटगूळ लावला, पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. खत घालूनही फरक नाही.

खत कमी पडलेलं नाही, माती त्याला चालत नाहीये. पेंटगूळ कोकणच्या आम्लधर्मी मातीतला, देशावरच्या चुनखडीच्या मातीत लोह असूनही त्याला घेता येत नाही. बांधकामाच्या भिंतीजवळ सिमेंट-चुन्याचा राडारोडा मातीत गेलेला असतो तिथे तर हमखास. चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह) फवारलं की महिना-दोन महिने हिरवा होतो आणि पुन्हा तेच. कुंडीत वेगळी माती करून लावा, नाहीतर तिथे कामिनी लावून मोकळे व्हा.

२१. डोंगरावरून करवंदाची, अंजनीची रोपं उपटून आणली तर चालतील का?

राखीव जंगलातून काहीही उपटून आणणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे, अभयारण्यात तर आणखी कडक. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ती रोपं जगत नाहीत, खडकात घुसलेलं मूळ अर्धं तुटून येतं. वन विभागाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत चौकशी करा. नाहीतर मेमध्ये बाजारातून पिकलेली करवंदं आणा, खा आणि बिया ठेवा.

२२. मग बियांपासून रोपं कशी करायची?

करवंदाचं बी वाळवून ठेवायचं नाही, ते लवकर मरतं. पूर्ण पिकलेल्या फळातून काढा, राखेत चोळून गर आणि चिकटपणा धुवा, दिवसभर सावलीत ठेवा आणि लगेच अर्धा इंच खोल पेरा. फालशाचंही ताजंच. फालसा जाड काडीनेही होतो, छाटणीत निघालेल्या काड्या वापरा. करवंदाची काडी साधी लावून क्वचितच फुटते, खास जातीचं झाड हवं असेल तर पावसाळ्यात गुटी कलम बांधा (झाडावरच्याच फांदीची थोडी साल काढून तिथे ओलं शेवाळ बांधायचं, मुळं फुटली की फांदी कापून लावायची). बोराची अठळी जाड असते, हलक्या हाताने फोडून आतलं बी पेरलं तर लवकर उगवतं, आणि बोराचं सोटमूळ खोल जातं म्हणून शक्यतो जागेवरच पेरा.

२३. गच्चीवर कुंडीत यातलं काय येईल?

पेंटगूळ आणि कामिनी अगदी आरामात. करवंद १६-१८ इंची कुंडीत येतं आणि फळतंही, फक्त निचऱ्याची भोकं मोठी हवीत आणि कुंडी उन्हात. फालसा अर्ध्या ड्रममध्ये, प्रश्न १० प्रमाणे छाटत राहिलात तर. बोर, तोरण, नेपती कुंडीत घालू नका.

२४. शेळ्या सगळं खातात, रोपं टिकतच नाहीत.

मोठ्या करवंदाला शेळी फार त्रास देऊ शकत नाही, कोवळ्या रोपाला मात्र शेंड्यापर्यंत साफ करते. पहिली दोन वर्षं बाहेरच्या बाजूने बाभळीच्या काट्या रचा, अगदी दाट. काट्या कुजेपर्यंत करवंदाने स्वतःचे काटे धरलेले असतात. बोर शेळीचं आवडतं, तिथे त्याची रांग बाहेर नको, आतल्या बाजूला घ्या.

२५. सोसायटीत लोक म्हणतात हे सगळं जंगली दिसतं, कातरून टाका. काय करू?

वाद घालण्यापेक्षा मांडणी बदला. रस्त्याच्या, फाटकाच्या बाजूला कातरून चालणारी कामिनी किंवा पेंटगूळ कमरेएवढी ठेवा, सरळ ओळीत, बुडाला विटांची कड, म्हणजे बघणाऱ्याला बाग वाटते. मागच्या कंपाउंडला, जिथे कुणाचं लक्ष नसतं, तिथे करवंद, पांढरफळी, बोर मिसळून लावा आणि तिथे कातर जाऊ देऊ नका. माळी बदलला की नवीन माळी सवयीने सगळं सपाट करतो, तेव्हा कुठलं झुडूप कधी कापायचं हे एका पाटीवर लिहून मागच्या भिंतीला लावून ठेवा, नाहीतर निदान पंप-रूमच्या दाराला चिकटवा.